बाबांना हसवायचं नाही

माझ्या सासऱ्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. इंदूरातल्या निम्म्या मराठी बायकांना मी हळदीकुंकवात पोट धरधरून हसवलंय, पण घरात माझा किस्सा रंगात आला की बाबांचं वर्तमानपत्र हळूहळू वर चढायचं आणि चेहरा दिसेनासा व्हायचा. गणिताचे निवृत्त मास्तर. मी समजून चालले होते की यांना माझा आचरटपणा सोसत नाही.

मग त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि रेडिएशन सुरू झालं. नवऱ्याला सांवेर रोडच्या कारखान्यातली सकाळची पाळी सोडता येईना, म्हणून रोज त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. प्रोस्टेटच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय. किरण पडायचे ते कॅन्सरवर, या बिचाऱ्या शेजाऱ्यांवर नाही. म्हणून मूत्राशय पाण्याने टम्म भरलेलं हवं, म्हणजे ते वर सरकतं आणि आतड्यांनाही दूर ठेवतं. गुदाशय रिकामं हवं, गॅससुद्धा नको. हे सांभाळलं नाही तर पुढे जळजळ, रक्त, नसते भोग.

"म्हणजे पोह्यांवर शेव नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही."

कॅन्सर ऐकून न उतरलेला चेहरा तेव्हा उतरला.

आता अडचण अशी की आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर 'लघवी' हा शब्द काढत नाही. त्यामुळे पाणी पिऊन झालं की मी विचारायची, "बाबा, ठीक ना?" ते म्हणायचे, "हं." त्या 'हं'च्या चढत्या सुरावरून मी अंदाज बांधायची.

एके दिवशी बाबांचा 'हं' चांगलाच वर पोचला आणि नेमकं मशीन बंद पडलं. टेक्निशियन बाहेर येऊन म्हणाला, "बस थोड़ी देर, बाबूजी. रोक के रखना, नहीं तो फिर से पानी पीना पड़ेगा." बाकावर असे भरलेले आणखी दोघे होते. एक परदेशीपुऱ्यातले जुने गिरणी कामगार, दुसरे शेठजी. तिघेही गुडघे जुळवून, फोटोला बसल्यासारखे ताठ.

मला वाटलं, यांचं मन दुसरीकडे वळवावं. मी सुरू केलं. माझ्या आत्याचे यजमान एकदा लग्नाला म्हणून निघाले आणि शेजारच्या भलत्याच मॅरेज गार्डनमध्ये शिरले. अनोळखी मारवाडी लग्न. बिनदिक्कत पंगतीला बसले, दालबाफले चेपले आणि मग गरजले, "मठ्ठा कहाँ है? ये कोई तरीका है?" नवऱ्या मुलीचे वडील हे वरपक्षाचे समजून हात जोडत धावत आले...

"फिर?" गिरणीवाले काका म्हणाले, आणि लगेच त्यांनी पोट धरलं. "अरे बाई साब, मत हँसाओ, यहीं काम हो जाएगा!"

शेठजी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागले. मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरले, रडतायत की काय.

"बाबा, ठीक ना?"

"अगं, गप्प बस ना माझे आई!" ते भिंतीला म्हणाले. "इतकी वर्षं पेपरामागे लपून हसतोय. इथे पेपर नाही आणि टाकी... म्हणजे ते... फुटेल!"

मी किस्सा तिथेच अर्धवट सोडला. इंदूरात हे प्रथमच घडत असावं.

मग जाणूनबुजून रटाळ बोलायचं ठरवलं. "आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर आहे ना..."

"पानी का नाम मत लो!" तिघे एकदम ओरडले.

मी तोंडावर पदर धरला. बाबांनी सतराचा पाढा सुरू केला, सोबतीला काकांनी हनुमानाचा जप. पाढे संपून पावकी निमकी सुरू झाली तेव्हा कुठे टेक्निशियनने हाक मारली. बाबा पाण्याने काठोकाठ भरलेली परात न्यावी तसे स्वतःला उचलून आत गेले. दार बंद झालं. मी जागची हलले नाही. आत आधी स्कॅन होतो. भरलेलं नसलं तर माणसाला परत पाठवतात आणि आज मी त्यांना जवळपास सांडवलंच होतं.

दार उघडलं नाही. मशीनचा घूं घूं आवाज सुरू झाला. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं.

बऱ्याच वेळाने बाबा बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता तडक समोरच्या संडासात शिरले. मग आतून हसू आलं. आधी खुसखुस, मग खो खो, फरशीवर भांडी पडल्यासारखं. मध्येच धापा टाकत, "मठ्ठा! मठ्ठा!" आणि पुन्हा तेच.

मीही फुटले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"ओ मास्टरजी!" परदेशीपुऱ्याचे काका कळवळून बंद दाराकडे ओरडले. "दया करो भिया, हमारा नंबर अभी बाकी है!"