काठावरचं न सुटलेलं गणित

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीला माहेरी, भाचीच्या डोहाळजेवणाच्या पंगतीत बसले होते. पानातला लाडू तसाच राहिला. टिळकवाडीच्या घरी त्यांच्याजवळ बाई ठेवून मी आलते. खरं तर त्यांनीच हाकललं होतं. म्हणाल्या, "जा गं, मला जरा विचार करू दे."

विचार म्हणजे ते एकच गणित. वन्सं या माझ्या थोरल्या नणंदबाई. कॉलेजात गणित शिकवायच्या, लग्न केलं नाही. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्यांच्या फळ्यावर वर्तुळ आणि त्याच्या काठावर ठिपके बघून मला वाटलं, बाई बांगड्यांची नक्षी काढतायत. मॅट्रिक पास झाल्याचा केवढा तोरा! नक्षीचं गल्लीभर सांगूनही आले... एवढी शहाणी होते मी. मग एकदा मी भाकरी थापत असताना त्यांनी समजावलं. वर्तुळाच्या आत एक फलन असतं, म्हणजे आतल्या प्रत्येक जागेला एक किंमत देणारं फंक्शन, फार शिस्तीचं. एके ठिकाणी जरा ओढलं की सगळीकडे हलतं. त्याची किंमत ठरल्या मापाबाहेर जाता कामा नये. आता काठावरच्या ठिपक्यांशी पोचताना ती किती असावी, हे आपण आधीच सांगून ठेवायचं. असं फलन सापडेल का? ठिपके मूठभर असले तर सापडतं. ते अनंत झाले, एका जागी दाटी करू लागले, की अवघड. "काठावर उभं राहता येत न्हाय, सुमन. आतनं जवळ जवळ जायचं फक्त." मी मान डोलावली. भाकरी करपली, तेवढं समजलं.

निवृत्तीच्या सुमारास त्या गणिताच्या उत्तराचा त्यांचा शोधनिबंध छापून आला. मी पेढे वाटले, कशाचे ते विचारू नका म्हणून बजावून. पुढं काही वर्षांनी एका सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, चुकलंय. मूठ-मूठ ठिपके घेऊन त्या फलनं बांधत गेल्या होत्या आणि शेवटी सगळ्यांना पुरेल असं एक हाती लागतं, असं धरून चालल्या होत्या. लागत होतं, पण आतल्या आत. काठावर सांगितलेली किंमत वाटेतच गळून जात होती. जगात कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "गप बसा की वन्सं. कोण वाचतंय ते?"

"मी वाचलंय न्हवं."

त्यांनी निबंध आपणहून मागे घेतला आणि उरलेलं आयुष्य ते भगदाड बुजवण्यात घातलं. ते बुजलं नाही. शेवटच्या उन्हाळ्यात हात थरथरायचा, वर्तुळ अंड्यासारखं यायचं. कोंबडी बसवू का त्यावर, असं मी चिडवलं. हसल्या. मग खडू खाली ठेवून म्हणाल्या, "ह्या बाजूनं न्हाय जमणार गं. आणि दुसरी बाजू मला दिसंना."

मी चहाचं आधण ठेवायला उठले.

भेटायला येणारे सांगतात, पुढं कुणीतरी सोडवील. सोडवील बापडा. पण वन्संना कोण जाऊन सांगणार?

दुपारचा चहा त्यांच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा, दार वाजवायचं नाही, असा आमच्या घरचा नियम. मी अजून ठेवते. आत आता मोडायला कुणाचा विचार उरला नाही, हे मला कळतं... तरी दार वाजवत नाही. दिवेलागणीला तो गार चहा मीच पिऊन टाकते. बिनसाखरेचा. लई वाईट लागतो.