दिल्लीनं लावलेला भाव

आज घरात नवा कापूस भरला. त्याचा तो कोमट, धुळकट वास आला आणि मला आमच्या बेला गावातली एक जुनी दुपार आठवली. तेव्हा आमचा हा सीमेवरचा जिल्हा आंध्रात होता.

माझी पोरगी सुजाता अशाच कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. हातात दोन पत्रं. देशादेशांचे संबंध कसे चालतात, ते शिकायला तिला लंडननंही बोलावलं होतं आणि दिल्लीनंही. लंडनची फी भरायची तर माझं चार एकर वावर विकावं लागलं असतं. दिल्लीवाले फी माफ करून वर महिन्याचा खर्च देणार होते.

मी दुसरीपर्यंत शिकलेला. पण पोरगी लंडनला जाते, असं गावभर सांगून बसलो होतो.

"दिल्लीत काही खोट असंल," मी म्हणालो. "चांगले असते, तं वरून पैसे काऊन देले असते? ज्याचा माल खपत नाई, तोच लालूच दाखवते."

ती हसली. "बाबा, ते इकून नाई राह्यले, घेऊन राह्यले. माल मी हाय. चांगल्या कापसाले व्यापारी भाव जास्त देते का कमी?"

मी उगाच कापूस चिवडत राहिलो. कापसाच्या भावात मला कधी कोणी फसवलं नव्हतं.

"लंडनात थंडी लई असते," शेवटी म्हणालो. "दिल्लीलेच जाय. मी सांगतो म्हणून."

"बरं," म्हणून तिनं सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा वाटलं, पोरीनं बापाचं ऐकलं. आता कळतं, वावर जाईल याची धास्ती तिलाच जास्त होती.

मग तिनं आईला भाकर मागितली. मीही ताट पुढं केलं. सकाळपासून आम्ही दोघंही जेवलो नव्हतो.