बुटकं पिंप

शेजारचे शिंपीकाका शिवणात तरबेज, पण हट्टी. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी बागेतली तीन पिंपं तळाशी नळीने जोडली. पाऊस आला की बुटकं पिंप भरून वाहायचं आणि दोन उंच पिंपं वरून थोडी रिकामीच राहायची. काकूंची भाजी पुढे उन्हाळ्यात याच पाण्यावर जगायची होती.

“नळीतच खोट आहे,” म्हणत काकांनी ती पुन्हा बदलली.

काकूंनी कपाळाला हात लावला. “अहो, जन्मभर सदरे शिवलेत! आधी खांदे जुळवता ना? मग पिंपांची तोंडं एका उंचीवर का नाही जुळवलीत?”

काका कुंपणाशी येऊन मला हळूच म्हणाले, “बाई, चार विटा आहेत का? बुटक्याखाली ठेवतो. हिला सांगू नका.”

आतून काकूंचा आवाज आला, “आठ मागा!”