पदक आलं, पाळी गेली

“हिची हाडं पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईसारखी झाली आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. समोर बसलेली माझी मुलगी सई एकोणीस वर्षांची होती.

सई इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावात वाढली. जायंट स्लॅलम, म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या दांड्यांना स्कीवरून वळसे घालत सुसाट खाली यायची शर्यत; त्यात ती लागोपाठ दोन वर्षं देशात पहिली. तिच्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. पडून हाड मोडतं, तसं नाही. तोच तो भार सोसून हाडाला बारीक चीर जाते, ते हे.

नडगी हिवाळ्याच्या सुरुवातीपासून दुखत होती. कोच म्हणाला, बूट लागतो, सगळ्यांनाच होतं. क्लिनिकमधल्या डॉक्टरने वेदनाशामक गोळ्या दिल्या. फिजिओने मोजे बदलायला सांगितले. बुटांची चौकशी झाली, मोज्यांची झाली, मुलीची मात्र कोणीच केली नाही!

पाय टेकवेना, तेव्हा सई घरी आली. पुण्याहून सासूबाई आल्याच होत्या. त्या रोज सकाळी तिच्याकडून देवापुढे निरांजन लावून घेत. दोनेक महिन्यांनी एके दिवशी त्या कडाडल्या, “ही मुलगी एकदाही बाजूला बसलेली नाही! तशीच शिवतेस का गं देवाला?”

माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात ही शिवाशिव चालत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सई म्हणाली, “रिलॅक्स आजी. आय डोन्ट गेट देम.” तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. दीड वर्ष पाळी नव्हती, आणि ही सांगत होती कोपऱ्यावरची डेअरी बंद आहे अशा थाटात. “कोच सेज इट्स नॉर्मल. मीन्स आयॅम ट्रेनिंग हार्ड.”

नॉर्मल म्हणे! मी तिथल्या तिथे कोचला फोन लावला. “हीप्स ऑफ द गर्ल्स,” म्हणजे पुष्कळ मुलींचं असंच असतं, तो म्हणाला, “स्वीट अ‍ॅज.” इथल्या बोलीत, एकदम मस्त. अरे, स्वीट अ‍ॅज काय? पोरीचं शरीर बंद पडतंय, आणि तुला गोड वाटतंय?

सासूबाईंचा तो नियम मला आजही मान्य नाही. पण एवढ्या शिकलेल्या माणसांत पाळीबद्दल विचारणारी त्या एकट्याच निघाल्या, याचा संताप मी कोणावर काढू?

मग हाडांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी बोन डेन्सिटी स्कॅन केला, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते पाहिलं. अमेनोरिया, पाळी थांबणं, हे त्यांनी नीट समजावलं. “श्रमाला पुरेल इतकं खाणं नसलं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांची डागडुजीही थांबवतं.”

सई काही उपाशी राहत नव्हती. पण रेस सूट अंगाला चिकटलेला, तो सोलून बाथरूमला जायचं म्हणजे वैताग. म्हणून पाणी नको, डबाही नको. इथला हिवाळा संपला की युरोपातला सुरू. वर्षात दोन हिवाळे, उसंत नाहीच. आणि आमचे नातेवाईक व्हिडिओ कॉलवर म्हणत, “काय मेन्टेन केलंय हो!”

कोचने सुचवलं, वेदना दाबायचं इंजेक्शन घेऊन मोसम काढू, विश्रांती नंतर. नाहीतर संघातली जागा जाईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता उतरलीस तर हाड पूर्ण मोडेल. पुढचं मी सांगू शकत नाही.” सई गाडीत हमसून रडली. “आई, दे विल ड्रॉप मी.” घरी पोचल्यावर तिने स्वतःच कोचला नाही म्हणून कळवलं. तिला काढलं. त्यानंतर तिकडून कोणी साधं ‘पाय कसा आहे’ म्हणून विचारलं नाही.

पायात मून बूट, म्हणजे नडगी जखडून ठेवणारा जाडजूड बूट, आणि दिवसभर खाणं. थालीपीठ, अंडी, दूध. तिला खाण्याचीच भीती वाटू लागली होती, हे तेव्हा कळलं. चिडचिड, रडणं, पुन्हा जेवण. महिने गेले. एक दिवस वेलिंग्टनला माझ्या ऑफिसात तिचा फोन आला, “आई, इट केम!” मी तिथेच रडायला लागले. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं काय झालं, तर मी सरळ सांगून टाकलं. बिचारा चहाचा कप घेऊन पळाला.

पुढच्या वर्षी नव्या स्कॅननंतर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. सई शर्यतीत उतरली आणि पाचवी आली. मी टाळ्या वाजवून हात लाल केले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मग तिच्या स्की क्लबने तिला ज्युनियर मुलींपुढे बोलायला बोलावलं. विषय होता जिद्द. कोच शेजारीच बसला होता. सईने इंग्रजीत सांगितलं ते असं, “पोटभर खा. पाळी थांबली तर ती जिद्द नसते, आजार असतो. कोणी नॉर्मल म्हणालं, तर दुसऱ्याला विचारा.” कोच बुटांकडे बघत राहिला.

आम्ही गाडीकडे निघालो, तर एक चौदा-पंधरा वर्षांची पोर मागून धावत आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “माइन स्टॉप्ड लास्ट विंटर. कोच सेड इट्स ऑल गुड.”

सईने माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला. “बाळा,” म्हटलं, “तुझ्या आईचा नंबर सांग.”