मेण चोळलेलं गाव

त्या घरात चित्रं दोघं काढायची आणि नाव एकाचं व्हायचं. भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, जलरंगात गावाचं दृश्य काढायचे. आभाळ, घरं, झाडं, वळणाचा रस्ता. हात सफाईदार, खोटं कशाला बोला! पण माणूस काढायला गेले की खांबाला हातपाय फुटल्यासारखा दिसायचा. म्हणून माणसांच्या जागा कोऱ्या सोडून ते कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर सरकवायचे. भांडी आवरली की वहिनी तिथं बसायच्या. चार फटकाऱ्यांत काठी टेकणारा म्हातारा, घागर उचलणारी बाई, शेळीमागे ओढलं जाणारं पोर! गाव बोलायला लागायचं. खाली सही भाऊजींची.

नवरा गेल्यावर दिराच्या आसऱ्याला राहिलेली बाई बोलणार तरी किती? तरी एकदा पाहुण्यांदेखत त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोपऱ्यात माझंही नाव घालू या की."

भाऊजी खो खो हसले. "अहो वहिनी, भाजीत मीठ टाकलं म्हणून कुणी स्वयंपाक केला म्हणतं का?"

पाहुणेही हसले. वहिनींनी चहा दिला, कपबशा विसळल्या आणि ते बोलणं पोटात ठेवून दिलं. झालं गेलं विसरावं म्हणतात. विसरावं हो, ज्याचं काही जळलं नाही त्यानं!

पुढे वाचनालयाच्या सभागृहात लोकांसमोर चित्र काढायचं आमंत्रण आलं आणि भाऊजींची पाचावर धारण बसली. "वहिनी, माणसं तुम्ही आधीच पेन्सिलीनं पुसट काढून ठेवा. मी नुसता रंग भरीन. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या, इतक्या गोड की दुसरा कुणी सावध झाला असता. भाऊजी कसले होतात! वहिनींनी रेषा काढल्या आणि प्रत्येक माणसाच्या आत पांढरी मेणबत्ती चांगली घासली. पांढऱ्या कागदावर पांढरं मेण, कुणाला दिसतंय? मेणावर पाण्याचा रंग ठरत नाही, हे भाऊजींनाही ठाऊक होतं. वहिनी असं काही करतील, एवढंच ठाऊक नव्हतं.

सभागृह भरलं. वहिनी पहिल्या रांगेत. भाऊजींनी आभाळ ओढलं, घरं उभी केली, रस्ता वळवला. माणसांच्या जागा आपोआप कोऱ्या राहताहेत बघून स्वारी खूश. मग बारीक ब्रशावर लाल रंग घेऊन त्यांनी घागरवालीला लावला. रंगाचे थेंब झाले आणि घरंगळले. निळा घेतला, तोही पळाला. भाऊजींच्या कपाळावर घाम फुटला. वहिनींना इतका आनंद झाला की हसू लपवायला त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

पण भाऊजी म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. ब्रश खाली ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "ही माणसं मी मुद्दाम कोरी ठेवलीत. गाव सोडून गेलेली माणसं आहेत ही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईंनी तर डोळे पुसले.

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. सूड घ्यावा आपण आणि कौतुक व्हावं यांचं? त्या उठल्या आणि तरातरा मंचावर चढल्या.

"भाऊजी, रस्त्यावर एक राहिलंय."

रस्ता वाळला होता आणि तिथं मेण नव्हतं. वहिनींनी गडद तपकिरी रंग घेतला, चार फटकारे मारले. कमरेवर हात ठेवून एक बाई रस्त्यात उभी राहिली. मागून कुणीतरी "अरे वा!" म्हणालं. वहिनींनी ब्रश दिरापुढे धरला.

"आता हिच्याशेजारी एक माणूस काढा. एकच. जन्मभर काढताय ना?"

"वहिनी, घरी बोलू," भाऊजी पुटपुटले.

"घरी बोलले होते मी. तुम्ही हसलात."

भाऊजींनी ब्रश घेतला नाही. सगळं सभागृह त्यांच्या हाताकडे बघत होतं. मग त्याच ब्रशानं वहिनींनी कोपऱ्यात, भाऊजी सही करायचे तिथं, आपलं नाव लिहिलं. आडनाव घातलं नाही, ते दोघांचंही एकच होतं.