गल्लीचे सव्वादहा

आमच्या गल्लीत रोज सव्वादहा वाजवायचं काम शेजारच्या गुरुजींकडे होतं.

गुरुजी सायकल उंबऱ्याबाहेर काढत, धोतराचा सोगा खोचत, एकदा घंटी वाजवत नि शाळेला निघत. ती घंटी झाली की राजारामपुरीतली आमची अख्खी गल्ली हलायची. मी शाळाखात्यात टायपिस्ट, ऑफिस साडेदहाचं. गुरुजींच्या मागोमाग माझी सायकल. घरात सासऱ्यांनी लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं, पण त्याला चावी द्यायचं काम माझ्याकडे असल्यामुळे ते लग्नापासून विश्रांती घेत होतं. (मनगटी घड्याळही मिळणार होतं. सासरे म्हणाले, "आधी भिंतीवरचं चालवून दाखवा.")

त्या मार्चात माझा जीव एका रजेत अडकला होता. हिच्या एकुलत्या एका भावाचं लग्न, बिद्रीला, पंधरवड्यावर आलेलं. साहेबांनी रजा दिली, पण बजावून दिली. "आता एकदा जरी उशीर झाला, तर रजा गेली म्हणून समजा." हिनं तेच सोपं करून सांगितलं, "लग्नाला न्हाय आलासा, तर मीबी म्हायेराहून परत येत न्हाय."

सोमवारी मी लवकरच आवरलं. भाकरी खाऊन, टोपी घालून पायरीवर पेपर घेऊन बसलो नि घंटीची वाट बघू लागलो. पेपर वाचून झाला. जाहिराती झाल्या. हरवलेल्या म्हशीचं वर्णन दोनदा वाचलं.

"अवो, उशीर हुतोय न्हवं?" हिनं आतनं विचारलं.

"गुरुजी कुठं निघालेत अजून?"

"पोरंबी दिसंनात आज गल्लीत."

"म्हणजे बघ, किती लवकर आहे!"

समोर बँकेतले नाना आपल्या पायरीवर निवांत होते. त्यांच्याकडे मनगटी घड्याळ होतं, पण ते तेही गुरुजींच्या घंटीवर लावत.

"नाना, किती वाजले?"

"हे साडेअकरा म्हणतंय. पण तुम्ही बसलाय म्हटल्यावर हेच पुढं गेलं असणार." नानांनी काटे मागे फिरवले नि आम्हा दोघांना चहा सांगितला.

चहा निम्मा झाला नि गुरुजी आले. भलत्याच टोकाकडून आले. हँडलला मेथीची जुडी, मागे दप्तरं उडवत गल्लीतली पोरं.

"काय भाऊसाहेब," सायकलवरनं उतरत ते म्हणाले, "आज सुट्टी हाय व्हय?"

"गुरुजी, तुम्ही शाळेला कधी निघणार?"

"निघणार? सुटली की शाळा. आजपास्नं सकाळची न्हाय का!"

नाना कप हातात घेऊनच घरात पळाले. मी सायकलवर टांग टाकली. ऑफिसात साहेब दारातच उभे होते.

"कारण?"

घाईत, मनात होतं तेच तोंडातून गेलं. "साहेब, आजपासून सकाळची शाळा सुरू झाली, ते मला माहीतच नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि जिल्ह्यातल्या शाळांना ते कळवलं कुणी? हुकूम टाईप कुणी केला?"

"मी."

"न वाचताच?"

"टाईप करताना वाचत बसलं तर उशीर होतो, साहेब."

आधी शिपाई हसला, मग हेडक्लार्क, नि शेवटी साहेबांनाच खुर्ची धरावी लागली. मला मात्र बिद्रीचा मांडव दिसत होता.

"रजा रद्द करत नाही," डोळे पुसत साहेब म्हणाले. "पण गुरुजी हेच तुमचं घड्याळ ना? मग लग्नापर्यंत ते निघाले की तुम्हीही घर सोडायचं."

झालं. रोज कोंबड्याच्या जोडीनं उठायचं, झोपेतच दाढी करायची नि घंटीसरशी निघायचं. गुरुजी वाटेत "पाय उचला, उशीर हुतोय" म्हणत. त्यांची शाळा भरायची, मी बंद ऑफिसच्या व्हरांड्यात शिपायाच्या किल्लीची वाट बघत बसायचो.

लग्नाला गेलो, अगदी वेळेवर गेलो. जावई म्हणून फेटा बांधून मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. खुर्चीला हात होते नि वर पंखा होता. मंगलाष्टकं सुरू झाली, एवढं मला नक्की आठवतं.

"पावणं, उठा की," कुणीतरी खांदा हलवत होतं. मांडवात सतरंज्या गोळा होत होत्या. अक्षता माझ्या मुठीत तशाच होत्या. समोर ही कमरेवर हात देऊन उभी.

"लगीन लागलं, पंगतीबी उठल्या. किती वाजलं, काय कळतंय का?"

मी डोळे चोळले नि सवयीनं आधी गुरुजी कुठं दिसतात का, ते पाहिलं.