भूलवाल्या बाई आणि दिनेशचा पाय

भूलवाल्या बाई पेशंटला "दुखणार नाही" असं कधी म्हणायच्या नाहीत. कापडाचा शेठ असो की लूमवरचा कारागीर, उत्तर एकच: "दुखेल. पण झोप लागेल इतपतच." ऐकून पेशंटच्या तोंडचं पाणी पळायचं आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांचा पारा चढायचा. बाईंना त्याचं काही नाही. कल्याण रोडवरच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात त्या भूलतज्ज्ञ, मी नर्स. बाई भिवंडीतल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत.

ऑपरेशन संपलं की बाकीचे चहाला जात, बाई पेशंटच्या पायथ्याशी बसत. "टाके घातले की सर्जन सुटला. दुखणं तर आता सुरू होतं," म्हणायच्या. गुडघ्याची लिगामेंट नवी बसवली की माणूस अक्षरशः तळमळतो. बाई जांघेतल्या नसेभोवती सुईने औषध सोडायच्या आणि तो शांत पडून राहायचा.

कोन गावचा दिनेश कबड्डीत गुडघा मोडून आला. ऑपरेशन छान झालं. उठू नको, असं त्याला बजावलंही होतं. पण संध्याकाळी अख्खा संघ भेटायला आला. आमच्या आगरी पोरांना मैदानात एकच शिकवण, पडलास तर कुणाचा हात न धरता उठायचं. "पाय मस्त हाय," म्हणत दिनेश सगळ्यांसमोर उभा राहायला गेला. मांडीत ताकद कुठली? दुखण्याबरोबर बाईंच्या सुईने तीही झोपवलेली. धाडकन पडला आणि नवी लिगामेंट तुटली. मी त्या पोरांवर अशी ओरडले की रस्त्यावरची माणसं डोकावली. बाई मात्र म्हणाल्या, "दुखलं असतं तर तो उठलाच नसता. चूक माझी."

मग त्या मुंबईला जाऊन नवी पद्धत शिकून आल्या. सोनोग्राफीत बघत सुई जांघेऐवजी मांडीच्या मध्यावर द्यायची. दुखणं दबतं, मांडीची ताकद बरीचशी राहते. शिकल्या खऱ्या, पण द्यायला धजावेनात. "सुई उचलली की दिनेश डोळ्यांसमोर येतो गं," म्हणायच्या. मला फार वाईट वाटायचं.

दिनेशचं दुसरं ऑपरेशन ठरलं. त्याची आई दुसरा डॉक्टर मागत होती, पण हाच हट्टाला पेटला. "मॅडम न्हाय तर मी टेबलावर चढणार न्हाय. त्यांनी काय मुद्दाम खाली पारला मला?"

बाईंनी सुई मांडीच्या मध्यावर दिली. संध्याकाळी पलंगाशी येऊन म्हणाल्या, "गुडघा न वाकवता पाय उचल."

पट्टा बांधलेला पाय थरथरत वर आला.

"दुखतंय?"

"जरासा दुखतंय."

बाई ओढणीत तोंड लपवून रडल्या. मीही रडले, त्यात लाजायचं काय!

गेल्या वर्षी बाई अचानक गेल्या. जनाज्याला दिनेश डोक्याला रुमाल बांधून आला. चार पावलं झाली की खांदा दुसऱ्याला द्यायची रीत. लोक मागत राहिले, हा सोडेना. शेवटी बाईंचे भाऊ म्हणाले, "रहने दो उसको."

आम्ही बायका दारातच थांबलो. गल्लीच्या टोकापर्यंत मी त्याचा पायच बघत होते. एकदाही लचकला नाही.